घोकणे नव्हे, आठवणे

‘वाचलेले काही लक्षातच राहत नाही,’ ही तक्रार घेऊन दवाखान्यात दोन प्रकारची माणसे येतात. पहिली, सत्तरी ओलांडलेली ज्येष्ठ मंडळी. दुसरी, त्याच ज्येष्ठांची काळजी घेणारी, पंचेचाळीस-पन्नाशीची माणसे. त्यांत स्त्रियाच अधिक. सासऱ्यांची किंवा आईची चार-पाच वर्षे शुश्रूषा केल्यानंतर, त्या अनुभवाला रीतसर प्रमाणपत्राची जोड द्यावी आणि चार पैसेही मिळवावेत, या विचाराने अनेकजणी हल्ली जनरल ड्यूटी असिस्टंट किंवा होम हेल्थ एड यांसारख्या अभ्यासक्रमांना नाव नोंदवतात. शाळा सुटून पंचवीस-तीस वर्षे झालेली असतात. पुस्तक उघडे असेपर्यंत सारे समजते आणि मिटले की सारे पुसले जाते. मग ‘आता या वयात हे जमायचे नाही’ असा निकाल त्या परीक्षेच्या आधी स्वतःच लावून मोकळ्या होतात.

हा निकाल बहुधा अन्यायाचा असतो. दोष स्मरणशक्तीपेक्षा अभ्यासाच्या रीतीत अधिक असतो, आणि ती रीत बदलता येते. हा विषय आरोग्याच्या पाक्षिकात घेण्याचे कारण असे, की या परीक्षेतील प्रश्न पुढे घरात खरोखर उभे राहतात. ‘रक्तातील साखर एकदम उतरल्यास प्रथम काय करावे?’ या प्रश्नाला उत्तरपत्रिकेत दोन गुण असतील. पण रात्री दोन वाजता घामाने भिजलेल्या, असंबद्ध बोलणाऱ्या माणसाच्या उशाशी तेच उत्तर लागते. त्या वेळी पुस्तक शोधायला सवड नसते. जे आपोआप आठवते तेवढेच उपयोगी पडते.

विसरण्याचा नियम

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी विसरण्याचे मोजमाप प्रथम केले. त्यांनी स्वतःवरच प्रयोग केले. अर्थ नसलेल्या अक्षरसमूहांच्या लांबलचक याद्या पाठ करायच्या आणि ठरावीक काळाने पुन्हा त्याच याद्या पाठ करायला किती श्रम पडतात ते मोजायचे, असा हा खटाटोप त्यांनी वर्षानुवर्षे केला. त्यावरचा त्यांचा ग्रंथ १८८५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आढळले ते असे : विसरणे सुरुवातीला फार वेगाने होते. पहिल्या तासाभरातच निम्म्याहून अधिक लाभ ओसरतो. मग मात्र हा वेग मंदावत जातो, आणि एका दिवसानंतर जे टिकते त्याचा बराच भाग महिनाभरही टिकून राहतो.

याचा अर्थ असा, की काल वाचलेले आज विसरणे हे म्हातारपणाचे लक्षण नाही. तरुण, तल्लख माणसाचाही मेंदू असाच चालतो. एबिंगहाउस यांना आणखी एक गोष्ट दिसली. तोच पाठ एकाच दिवशी पुष्कळदा घोकण्यापेक्षा, तेवढीच आवर्तने निरनिराळ्या दिवसांवर विभागली तर तो कमी श्रमात पक्का होतो. आपल्याकडे ‘उजळणी’ हा शब्द पूर्वीपासून आहे. भांडे काळवंडू लागले की ते घासून उजळावे, रोज दिवसभर घासत बसू नये, एवढा व्यवहार या शब्दातच सामावलेला आहे.

वाचताना होणारी फसगत

वयोमानानुसार मेंदूचा वेग काहीसा मंदावतो, नवी नावे आठवायला वेळ लागतो, हे खरे आहे. परंतु ‘ओळखणे’ आणि ‘आठवणे’ या दोन वेगळ्या क्रिया आहेत. ओळखण्याची शक्ती वाढत्या वयातही चांगली टिकून राहते. आधाराशिवाय आठवण्याची शक्ती तुलनेने लवकर शिथिल होते. नेमकी येथेच वाचकाची फसगत होते. तेच पान तिसऱ्यांदा वाचताना प्रत्येक ओळ ओळखीची वाटते आणि ‘हे तर मला येते’ असे समाधान मिळते. परीक्षेत समोर पान नसते, केवळ प्रश्न असतो.

अमेरिकेत सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी २००६ मध्ये यासंबंधीचा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. एका पद्धतीत त्यांनी उतारा पुन्हा वाचला. दुसऱ्या पद्धतीत तो न पाहता आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचन करणारे किंचित पुढे होते. आठवड्यानंतर मात्र चित्र पालटले. पुन्हा वाचलेल्या उताऱ्यातील सुमारे ४२ टक्के भाग आठवला, तर आठवून लिहिलेल्या उताऱ्यातील सुमारे ५६ टक्के. आठवण्यासाठी जो ताण घ्यावा लागतो, त्यानेच आठवण पक्की होते, असा त्याचा बोध आहे.

येथे दोन गोष्टी हाती लागल्या : पान मिटून स्वतःला प्रश्न विचारावा, आणि तो वाढत्या अंतराने विचारावा. पुढे पाहणार आहोत ती सारी साधने या दोन गोष्टींवरच उभी आहेत.

खोक्यापासून मोबाईलपर्यंत

१९७२ मध्ये सेबास्टियन लाइटनर या जर्मन विज्ञानपत्रकाराने आपल्या पुस्तकात एक साधा खोका सुचवला. खोक्याला पाच कप्पे. लहान कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. सर्व कार्डे आधी पहिल्या कप्प्यात. उत्तर बरोबर आले की कार्ड पुढच्या कप्प्यात जाते, चुकले की पुन्हा पहिल्या कप्प्यात येते. मागचे कप्पे उशिरा उशिरा उघडायचे. परिणामी, जे पक्के झाले आहे त्यावर वेळ वाया जात नाही आणि जे कच्चे आहे ते पुन्हा पुन्हा समोर येते.

हीच कल्पना पोलंडमधील पिओत्र वोझनियाक या विद्यार्थ्याने संगणकावर आणली. १९८७ मध्ये त्याने तयार केलेल्या सुपरमेमो या प्रणालीत उजळणीची तारीख गणिताने ठरत असे. २००६ मध्ये डेमियन एल्म्स यांनी अँकी ही प्रणाली तयार केली. ‘अँकी’ या जपानी शब्दाचा अर्थच पाठांतर असा आहे. आज जगभरातील वैद्यकीय विद्यार्थी ती मोठ्या प्रमाणावर वापरतात. संगणकावर ती विनामूल्य मिळते. अँड्रॉइड मोबाईलसाठी अँकीड्रॉइड नावाने तीही विनामूल्य आहे. आयफोनवर मात्र पैसे मोजावे लागतात. कार्डे मराठीत लिहिता येतात आणि अक्षर हवे तेवढे मोठे करता येते.

चालते कसे ते पाहा. पडद्यावर प्रश्न येतो. आपण मनात, शक्य तर मोठ्याने, उत्तर द्यायचे. मग कळ दाबून उत्तर पाहायचे आणि चारपैकी एक बटण दाबायचे : उत्तर आले नाही, कष्टाने आले, बरे आले, सहज आले. त्यावरून ते कार्ड पुन्हा केव्हा समोर आणायचे हे प्रणाली ठरवते. वोझनियाक यांच्या मूळ गणितानुसार बरोबर येणारे कार्ड पहिल्यांदा एका दिवसाने, नंतर सहा दिवसांनी, मग सुमारे पंधरा दिवसांनी आणि त्यानंतर सव्वा महिन्याने येते. चुकले की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. अलीकडच्या प्रणालींतील गणित अधिक बारकाईचे आहे, तत्त्व तेच.

मोबाईल नको असेल, डोळ्यांना त्रास होत असेल, तर मिठाईचा रिकामा खोका आणि जुन्या लग्नपत्रिकांचे कापलेले तुकडे यांवरही काम भागते. पहिला कप्पा रोज, दुसरा दोन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने आणि पाचवा महिन्याने उघडावा.

कार्ड कसे लिहावे

पहिला नियम : न समजलेली गोष्ट कार्डावर लिहू नये. आधी धडा वाचावा, शिक्षकांना विचारावे, मग कार्ड करावे. दुसरा नियम : एका कार्डावर एकच गोष्ट. ‘मधुमेही रुग्णाची काळजी सांगा’ हे कार्ड निरुपयोगी आहे. त्याचे उत्तर अर्धे येते, अर्धे राहते, आणि ‘आले’ म्हणावे की ‘नाही’ हेच कळत नाही. तिसरा नियम : शब्द आपले स्वतःचे असावेत. दुसऱ्याने तयार केलेली शेकडो कार्डे उतरवून घेण्यापेक्षा स्वतः लिहिलेली शंभर कार्डे अधिक उपयोगी, कारण लिहिण्यातच निम्मा अभ्यास होतो.

नमुन्यादाखल काही कार्डे देतो. परीक्षा द्यायची नसली तरी घरात ज्येष्ठ माणूस असणाऱ्या प्रत्येकाने ती करून ठेवावीत.

प्रश्न : रक्तातील साखर किती खाली गेली की ती धोक्याची समजावी? उत्तर : ७० मिलिग्रॅमच्या खाली.

प्रश्न : साखर उतरलेला रुग्ण शुद्धीवर आहे, गिळू शकतो. प्रथम काय द्याल? उत्तर : सुमारे १५ ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे तीन चमचे, पाण्यात विरघळवून; १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी.

प्रश्न : तोच रुग्ण बेशुद्ध आहे. तोंडातून काय द्याल? उत्तर : काहीही नाही, कुशीवर वळवून १०८ ला फोन.

प्रश्न : बेशुद्ध रुग्णाच्या तोंडात साखरपाणी का घालू नये? उत्तर : ते श्वासनलिकेत जाऊन जीव गुदमरू शकतो.

प्रश्न : अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारण किती वेळाने बदलावी? उत्तर : दर दोन तासांनी.

प्रश्न : पक्षाघाताचा संशय आल्यास कोणत्या तीन गोष्टी पाहाव्यात? उत्तर : चेहरा वाकडा झाला का, एक हात खाली पडतो का, बोलणे अडखळते का.

प्रश्न : तेव्हा घड्याळ का पाहावे? उत्तर : रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते.

प्रश्न : प्रौढ व्यक्तीचे हृदय बंद पडल्यास छातीवर मिनिटाला किती दाब द्यावेत? उत्तर : १०० ते १२०. प्रश्न : किती खोल? उत्तर : ५ ते ६ सेंटिमीटर.

प्रश्न : विश्रांतीत प्रौढाची नाडी मिनिटाला किती असावी? उत्तर : ६० ते १००. प्रश्न : श्वास किती? उत्तर : १२ ते २०.

बेशुद्ध रुग्णाचे कार्ड दोन भागांत केले आहे, हे आपल्या ध्यानात आले असेल. ‘काय’ आणि ‘का’ यांची कार्डे जोडीने करावीत. कारण ठाऊक असलेली कृती घाईगर्दीतही सहसा चुकत नाही.

रोजचे वेळापत्रक

परीक्षा तीन महिन्यांवर आहे असे धरू. रोज केवळ आठ नवी कार्डे घ्यावीत. साठ दिवसांत ४८० कार्डे होतात, आणि एवढ्यात अभ्यासक्रमातील पाठ करण्याजोगा बहुतेक भाग बसतो. शेवटच्या तीस दिवसांत नवे काहीही न घेता निव्वळ उजळणी करावी. मध्यावर उजळणीची कार्डे रोज पन्नास-साठच्या घरात जातील. तरी एका कार्डाला दहा-बारा सेकंद धरले तर नव्या कार्डांसह वीस-पंचवीस मिनिटांत काम आटोपते. ती मिनिटे सलग मिळाली नाहीत तरी हरकत नाही. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत, सलाईन संपेपर्यंत, रुग्णालयाच्या बाकावर नंबर येईपर्यंत, असे तुकड्यातुकड्यांनी केलेले काम या पद्धतीत वाया जात नाही.

शुश्रूषा करणाऱ्याच्या आयुष्यात आठवडा सरळ जाईल याचा भरवसा नसतो. घरातील ज्येष्ठांना ताप आला, दवाखान्यात दाखल करावे लागले, की चार दिवस खंड पडतो आणि पडद्यावर दोनशे कार्डे साठलेली दिसतात. बहुतेकजण अभ्यास सोडतात ते या ठिकाणी. अशा वेळी नवी कार्डे बंद ठेवावीत आणि साठलेल्यांपैकी रोज तीस-चाळीस संपवत जावे. आठवड्या-दोन आठवड्यांत घडी पूर्ववत बसते. झोप मोडून मात्र अभ्यास करू नये. दिवसा शिकलेले पक्के करण्याचे काम मेंदू झोपेत करतो; ती झोप आधीच अपुरी असेल तर अभ्यासापेक्षा विश्रांतीलाच प्राधान्य द्यावे.

आणखी एक सूचना करतो. कार्डे कागदाची असतील तर ती घरातील ज्येष्ठांच्या हाती द्यावीत. त्यांनी पलंगावर बसून प्रश्न विचारावेत, आपण काम करता करता उत्तरे द्यावीत. दिवसभर इतरांच्या सूचना ऐकणाऱ्या माणसाला परीक्षकाचा मान मिळतो, बोलायला विषय मिळतो, आणि ‘माझी कूस दर दोन तासांनी का बदलतात’ हेही त्यांना कळते. स्वतःच्या काळजीचे कारण कळलेला रुग्ण अधिक सहकार्य करतो, असा अनुभव आहे.

कार्डाने जे होत नाही

कार्ड हाताला शिकवत नाही. रुग्णाला पलंगावरून खुर्चीत बसवणे, रक्तदाब मोजणे, छातीवर दाब देणे, या गोष्टी प्रशिक्षकासमोर प्रत्यक्ष करूनच येतात, आणि अशा परीक्षांत प्रात्यक्षिकही असते. ५ सेंटिमीटर हा आकडा पाठ असणे आणि ५ सेंटिमीटर दाबणे यांत पुष्कळ अंतर आहे. कार्डाने क्रम लक्षात राहतो; सफाई सरावाने येते.

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. औषधांचे प्रमाण कधीही स्मरणावर सोपवू नये. इन्सुलिनचे युनिट, रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा आकार, पाणी किती द्यायचे, हे प्रत्येक रुग्णागणिक आणि काही वेळा आठवड्यागणिक बदलते. ते दर वेळी चिठ्ठी पाहून, मोठ्याने वाचूनच द्यावे. पुस्तकातील सर्वसाधारण नियम आणि आपल्या रुग्णाला डॉक्टरांनी दिलेली सूचना यांत फरक पडला, तर डॉक्टरांची सूचना पाळावी आणि शंका त्यांनाच विचारावी.

ज्येष्ठ वाचकांसाठी

‘ही कार्डे रोज केली तर स्मृतिभ्रंश टळेल का?’ हा प्रश्न आपल्या मनात आला असणारच. प्रामाणिक उत्तर असे, की ज्याचा सराव करावा ते सुधारते. कार्डांमुळे आजार टळतो असे सिद्ध झालेले नाही. मेंदूसाठी चालणे, रक्तदाब व साखर ताब्यात ठेवणे, ऐकू कमी येत असल्यास श्रवणयंत्र वापरणे आणि माणसांत मिसळणे यांचे महत्त्व कमी होत नाही. पण नातवंडाच्या शाळेचे नाव, नव्या शेजाऱ्यांची नावे, आपल्या गोळ्यांची नावे व त्या कशासाठी आहेत, कुटुंबातील दोन माणसांचे दूरध्वनी क्रमांक, एवढी वीस-पंचवीस कार्डे जवळ असली तर आत्मविश्वास निश्चित वाढतो. लहानपणी पाठ केलेली रामरक्षा किंवा पावकीचे पाढे आजही येतात, ते लहानपणाची बुद्धी तीव्र होती एवढ्यानेच नव्हे. वर्षानुवर्षे, सांजवेळी, अंतराअंतराने ते न पाहता म्हटले गेले, म्हणूनही.

मात्र तोच प्रश्न तासाभरात चार वेळा विचारला जात असेल, ओळखीच्या रस्त्यावर चुकामूक होत असेल, पैशांचे हिशेब जमेनासे झाले असतील, तर कार्डे बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉइडचा विकार, नैराश्य किंवा झोपेच्या गोळ्या यांमुळेही विस्मरण होते, आणि त्यावर उपाय आहेत.

स्मृतिभ्रंशाचे निदान झाले असले तरी सुरुवातीच्या व मधल्या टप्प्यांत हेच तत्त्व वेगळ्या रूपात उपयोगी पडते. १९७८ मध्ये लँडॉअर व ब्योर्क यांनी वाढत्या अंतराने आठवण्याच्या पद्धतीचा अभ्यास मांडला; पुढे अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ कॅमेरॉन कॅम्प यांनी ती अल्झायमरच्या रुग्णांसाठी वापरली. येथे अंतर दिवसांचे नसून सेकंदांचे असते. एकच उपयुक्त गोष्ट निवडावी. उदाहरणार्थ, ‘चाकाच्या खुर्चीतून उठण्याआधी काय करायचे?’ ‘ब्रेक लावायचा.’ उत्तर आधी आपणच सांगावे आणि लगेच विचारावे. मग पंधरा सेकंदांनी, अर्ध्या मिनिटाने, एका, दोन, चार मिनिटांनी विचारावे. प्रत्येक वेळी उत्तराबरोबर ब्रेकही लावून घ्यावा. चुकले तर ‘विसरलात कसे?’ असे न म्हणता उत्तर शांतपणे सांगावे, तत्काळ पुन्हा विचारावे आणि मागच्या यशस्वी अंतरावर परतावे. रुग्ण कंटाळला की थांबावे. येथे कोणाला गुण मिळवायचे नसतात. पडणे टळावे एवढाच हेतू असतो.

परीक्षेला बसणाऱ्यांनी आज पाच कार्डे लिहावीत, परीक्षेला न बसणाऱ्यांनीही लिहावीत. पहिले कार्ड साखर उतरण्याचे असू द्या. उद्या सकाळच्या चहाच्या वेळी ते उलटे धरून उत्तर आठवा. आले नाही तर वाईट वाटून घेऊ नका. उत्तर पाहा आणि कार्ड पहिल्या कप्प्यात ठेवा. परवा ते पुन्हा तुमच्या समोर येईलच.